दोन सह्यांचे काका

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकायला निघाला असशील. पण तुझी खोड मला माहीत आहे. आधी तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज करशील, आत किती कागद असतील ते ठरवशील, आणि आपला अंदाज बरोबर आला का, एवढं बघायला तरी उघडशील. तीन कागद आहेत.

नऊ वर्षं झाली. खुशाली विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस आणि मग मला उगाच राग येईल. मी बरी आहे. अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. मागच्या खोलीत काचा घासते, पुढे गर्दी झाली की लोकांचे नंबर काढते. तुझं वजनकाट्यांचं दुकान चालू आहे, हे तुझ्या एका पावतीवर पत्ता अजून तोच दिसला त्यावरून कळलं. एका ग्राहकाकडून खात्री करून घेतली, तुझ्या नकळत.

आता कामाचं. मी कादंबरी लिहिली आहे. हसू नकोस. एका प्रकाशकांनी ती घ्यायची ठरवली आहे आणि त्यांच्या संपादकबाईंना मार्चअखेर शेवटचा खर्डा हवा आहे. कादंबरी वरच्या काकांवर आहे.

वरचे काका म्हणजे काय, हे तुला सांगायची गरज नाही. पण बाईंना समजावून सांगताना जे शब्द सापडले ते तुलाही ऐकवते, कारण त्या मधे एकदाही हसल्या नाहीत आणि मला ते फार बरं वाटलं. मी म्हटलं, आम्ही राहायचो त्या घराच्या वर एक खोली होती. कायम कुलूप. घरमालकाचं सामान होतं म्हणे. मी सहा वर्षांची, दादा अकरा. वडील माझ्या दुसऱ्या वर्षीच दूर परदेशी कामाला गेले होते आणि पुढे त्यांचं काही कळलं नव्हतं. आईजवळ तो विषय काढायची सोय नव्हती. एकदा वर काहीतरी पडल्याचा आवाज आला. दादा म्हणाला, "वरचे काका उठले." तिथून खेळ सुरू झाला. एक वही केली. तिच्यात काकांबद्दल एकेक नोंद करायची. एकाने लिहायची, दुसऱ्याने वाचायची, पटली तर सही करायची. दोघांच्या सह्या झाल्या की ती गोष्ट खरी. मग ती खोडायची नाही, कुणी कितीही रडलं तरी. आणि दुसरा नियम, काका असं का करतात ते विचारायचं नाही.

बाई म्हणाल्या, "चार वर्षं हे चाललं?" मी म्हटलं, चार वर्षं, बासष्ट नोंदी.

तर त्या बासष्टाव्या नोंदीसाठी हे पत्र आहे. नोंद बासष्ट: काका जिना उतरून खाली येतात आणि आमच्याकडे राहतात. मी लिहिली, मी सही केली, तुझ्यापुढे ठेवली. तू पंधरा वर्षांचा होतास. तू ती वाचलीस, वही मिटलीस आणि म्हणालास, "मोठी हो आता." त्यानंतर तू वहीला हात लावला नाहीस. माझ्या कादंबरीचा शेवट तोच आहे, काका खाली येतात. पाच वेळा लिहिला. पाचही वेळा खोटा वाटला, कारण त्यावर एकच सही आहे.

हा वेडेपणा आहे हे मला कळतं. एक्कावन्न वर्षांच्या बाईने असं पत्र लिहू नये. पण ते काका माझ्या एकटीचे नाहीत, आणि तुझ्या संमतीशिवाय त्यांना खाली आणायची माझी हिंमत होत नाही. सही दे, दादा. सोबत वेगळा कागद ठेवला आहे. त्यावर ते वाक्य आहे, माझी सही आहे, शेजारी जागा सोडली आहे.

हे सगळं अर्थात आठवणीतून लिहिते आहे.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

पंधरा दिवस पोस्टमनची वाट बघितली. तो आता मला बघितलं की लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून. ठीक आहे. तू उत्तर देत नाहीस तर मी बोलत राहते. लहानपणी तरी याहून वेगळं काय होतं?

काल संपादकबाई दुकानात आल्या. नंबर काढायचं निमित्त होतं, पण पिशवीत माझा खर्डा होता. दुपारची वेळ, ग्राहक कुणी नाही. त्या तपासणीच्या उंच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी वाचताना एक करते. जिथे मला माणूस दिसतो तिथे समासात पेन्सिलीने बारीक खूण करते. बाकी ठिकाणी काही करत नाही." दोनशे चाळीस पानांत अकरा खुणा होत्या. मी मोजल्या. माझा चेहरा पडला असणार, कारण त्या म्हणाल्या, "अकरा खूप झाल्या हो."

अकराच्या अकरा तुझ्या नोंदींपाशी आहेत.

नोंद सतरा: काका कात्री कुणाच्या हातात देत नाहीत. टेबलावर ठेवतात, मग आपण उचलायची. खूण. नोंद एकोणीस: काका दार लावून चार पायऱ्या उतरतात, परत वर जातात, दार ढकलून बघतात, आणि मग कुणी बघितलं नाही ना म्हणून मागे बघतात. खूण. नोंद तीस: काकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्याचं वजन सांगतात. पुस्तक, पेरू, मांजर. खूण. नोंद चौतीस: काकांना खोटं बोलायचं असलं की ते टेबल पुसायला घेतात. त्या जागी तर बाईंनी तीच खूण दोनदा गिरवली आहे, एकदा वाचताना आणि एकदा परत येऊन.

आणि माझे? माझ्या काकांनी दोन समुद्र पोहून पार केले होते. माझ्या काकांनी कपाटात गरुड पाळला होता. तिकडे बाईंची पेन्सिल फिरकलीसुद्धा नाही.

खरं सांगू? मला हेवा वाटला. वीस वर्षं मी या कलेमागे लागले आहे. या कादंबरीसाठी मी काकांचा मोठा तक्ता केला होता. जन्म, उंची, शिक्षण, लहानपणी बसलेला धक्का, कशाची भीती, मनातली इच्छा, सगळं. माणूस असा का झाला याची तीन पानं कारणं लिहिली. बाईंनी ती पानं अलगद बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हे वाचताना कुणाचा तरी नोकरीचा अर्ज वाचतेय असं वाटलं. हा माणूस कामावर घ्यायला हरकत नाही. पण मला तो दिसत नाही." आणि इकडे तू, शाळेच्या गणवेशात, शाईने बरबटलेल्या बोटांनी, एका ओळीत माणूस उभा करायचास. मला तर वाटायचं, काकांना वजन सांगायची सवय तू लावलीस, आणि मग त्या नादानेच पुढे काट्यांच्या धंद्यात शिरलास. गणितात पहिला येणारा मुलगा काटे का दुरुस्त करतो, असं लोक विचारायचे तेव्हा मी मनात म्हणायचे, मला माहीत आहे. वरच्या काकांमुळे.

कसं सुचायचं तुला? हे मी आता खेळ म्हणून विचारत नाही, शिकायला म्हणून विचारते. मी रोज पन्नास माणसांच्या डोळ्यांत बघते. लोक तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि दिसतंय म्हणून सांगतात, ते मला ताबडतोब कळतं. पण लिहायला बसले की मी स्वतःच पाठ केलेलं सांगते.

एक प्रामाणिकपणा मात्र केला. माझी नोंद तेवीस मी बाईंनी सांगायच्या आधीच कापली. आठवते? काका एका पायात हिरवा आणि एका पायात तपकिरी मोजा घालतात. सात वर्षांच्या पोरीची गंमत ती. वाचणाऱ्याला वाटणार, लेखिकेने विक्षिप्तपणा चिकटवला आहे. कुठलाही शहाणा माणूस असं करत नाही. मोजे गेले. आता तू सही दे, म्हणजे मी शेवट लिहून मोकळी होते.

धाकटी


१ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांत आलेल्या तुझ्या पहिल्या चार ओळी मी इथे परत लिहिते, म्हणजे मी त्या टाळल्या असं व्हायला नको.

"नोंद सतरा. नोंद एकोणीस. नोंद तीस. आठवणीतून लिहिणारं माणूस नंबर लिहीत नाही. वही तुझ्याकडे आहे."

आहे.

कार्ड वाचलं तेव्हा मी काच घासत होते. हातातून सुटली आणि फुटली. कुणाची तरी वाचायची काच होती, पुन्हा नवी करावी लागली. बरं झालं, तेवढ्या वेळात मला पुढे काय करायचं ते ठरवता आलं. सांगून टाकायचं ठरवलं.

आई गेल्यावर आपण दोघांनी दोन दिवस घर आवरलं. तू पहिल्याच सकाळी म्हणालास, "भांडी, कपाट, शिलाईयंत्र, सगळं तू घे. मला फक्त ती वही दे." मी कपड्यांच्या घड्या करत होते. मान वर न करता म्हटलं, "कुठली वही? गेली असेल रद्दीत." तेव्हा ती माझ्या पिशवीत होती. तुझ्यापासून तीन हातांवर. आदल्या रात्री सापडली होती मला, आईच्या ट्रंकेत, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली.

मग तू शोधत बसलास. माळा पालथा घातलास. रद्दीवाल्याकडे जाऊन त्याची पोती उपसलीस. धुळीने माखून परत आलास आणि ओट्याला टेकून उभा राहिलास, आणि तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता सांगावं. नाही सांगितलं. तू न जेवता गेलास. तेव्हाच तुझ्या लक्षात आलं होतं, नाही का? म्हणूनच नऊ वर्षं.

का केलं ते सांगते. मला तिच्यातून लिहायचं होतं, हे एक. ते खरं आहे पण पुरेसं नाही. दुसरं असं की मला तुझा राग होता. वही मिटून तू मला मोठी हो म्हणालास आणि तीन वर्षांनी घर सोडून गेलास. आईबरोबर राहिले मी. तिची बोलणी खाल्ली मी. मला वाटलं, ज्याने खेळ सोडला त्याचा वहीवर हक्क काय? ज्या वस्तूकडे तू पंधराव्या वर्षी पाठ फिरवलीस ती चाळीसाव्या काय, पन्नासाव्या वर्षी तरी तुला कशाला हवी?

तेच आता विचारते. नियम मोडते आहे, माहीत आहे. का हवी होती, दादा? भांडी नको, कपाट नको, दोन पोरांनी रेघोट्या मारलेली वही हवी. का?

धाकटी


२० मार्च

दादा,

तुझी चार पानं मिळाली.

म्हणजे वडील होते. परदेशी नव्हते. त्याच गावात होते, आपल्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर, आणि तू तीन वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडे जात होतास. मी घरी बसून त्यांच्याबद्दलच्या वाक्यांवर सह्या करत होते आणि मला वाटत होतं आपण खेळतोय.

आज याहून जास्त लिहवत नाही. सकाळपासून दोन ग्राहकांचे नंबर चुकवले. मालक म्हणाले, घरी जा. गुरुवार म्हटलं की तू डबा घेऊन शिकवणीला जायचास. दोघांचा डबा न्यायचास. मला वाटायचं तुला भूक फार लागते.


२३ मार्च

दादा,

मागचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. नको फाडूस खरं तर. तोही रागच होता आणि माझाच होता.

तुझी चार पानं आता पाठ झाली आहेत. मी ती माझ्या शब्दांत लिहून बघते. धंद्याची सवय म्हण. चुकलं तर सांग.

तू बारा वर्षांचा होतास. गणिताच्या शिकवणीला चालला होतास. एका किराणा दुकानात एक माणूस खाली बसून काटा दुरुस्त करत होता. तुला त्याची मान ओळखू आली. तू उभा राहिलास. त्याने वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "चौतीस किलो असशील." तू म्हणालास, "साडेचौतीस." ही तुमची पहिली दोन वाक्यं.

ते एका छापखान्याच्या वर राहायचे. लाकडी जिना, एकच खोली, खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे पेले किणकिणायचे. ते घर सोडून का गेले ते तू कधी विचारलं नाहीस. आपल्या वहीत तसा नियम होता म्हणून, असं तू लिहिलं आहेस, आणि मला ते वाचून हसू आलं आणि मग बराच वेळ हसू आलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली, घरी सांगू नकोस. आईला कळलं तर तुझं येणं बंद होईल. धाकटीलाही नको, ती लहान आहे, तिच्या तोंडून निघून जाईल. निघालंच असतं. माझ्या पोटात काय राहिलं आहे आजवर?

"तुला सांगता येत नव्हतं," तू लिहिलंस, "म्हणून वहीत लिहायचो. ते वरच्या खोलीत राहायचे, म्हणून मला खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही. मला काही सुचायचं नाही, धाकटे. मी गुरुवारी बघायचो आणि शुक्रवारी लिहायचो."

हे वाचून मी वही काढली. अकराव्या नोंदीपासून तुझं लिहिणं बदलतं. पहिल्या दहा नोंदींत तुझेही काका तलवारी गिळतात. अकराव्या नोंदीत ते वर्तमानपत्राची घडी घालताना कोपऱ्याला कोपरा जुळवतात आणि जुळला नाही तर पुन्हा उलगडतात. मी समजत होते तुला अक्कल आली. तुला वडील भेटले होते.

आणि मग ती तेवीसची हकिकत. ती मी माझ्या शब्दांत लिहूच शकत नाही, तुझ्याच लिहिते. "तुझी मोज्यांची नोंद मी त्यांना गुरुवारी वाचून दाखवली. हसले. पुढच्या गुरुवारी गेलो तर एका पायात हिरवा, एका पायात तपकिरी. मी बघतच राहिलो. म्हणाले, 'तिच्याशी बोलता येत नाही, पण तिचं ऐकता तर येतं.' मग शेवटपर्यंत तसेच."

शेवट म्हणजे मंगळवार. एका गोदामात मोठा काटा तपासताना छातीत दुखलं आणि ते तिथेच गेले. तुला गुरुवारी छापखानेवाल्याने जिन्यातच सांगितलं. तू वर गेलास. खण उघडलास. त्यात मोज्यांचे सहा जोड, सगळे एक हिरवा एक तपकिरी, नीट गुंडाळून ठेवलेले. छापखानेवाल्याने तुझ्या हातात हत्यारांची पेटी दिली, त्याच हत्यारांनी तू आजवर काम करतोस. आणि शनिवारी मी, दहा वर्षांची शहाणी, तुझ्यापुढे नोंद बासष्ट ठेवली, काका खाली येतात.

मोठी हो आता, म्हणालास. तू स्वतः पंधरा वर्षांचा होतास, दादा. तुला मिठी मारणारं त्या घरात कुणी नव्हतं, आणि मी तुझ्यावर रुसून बसले होते.

मी लिहिलं होतं, कुठलाही शहाणा माणूस असं करत नाही. अख्ख्या वहीत माझ्या शब्दामुळे कुणी खरोखर काही केलं असेल तर ते एवढंच, आणि तेच मी कापलं.

आता मी काय केलं ते ऐक. खर्ड्यातून बाईंच्या अकरा खुणांच्या जागा काढल्या. त्या मी रचल्या नव्हत्या, तूही रचल्या नव्हत्यास. त्या तुझ्या आहेत. उरला तो गरुडवाला पोहणारा. तो छापण्यात काही अर्थ नाही. बाईंना फोन करून कादंबरी देत नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "एप्रिलच्या पंधरापर्यंत मी हा फोन आला नाही असं समजते."

वही वेगळ्या पाकिटातून रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. तुझीच होती. मी चोरली. माफ कर असं लिहायला लाज वाटते, पण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. माफ कर. पाकीट हातात घेशील तेव्हा वजन सांगायला विसरू नकोस. पोस्टात तीनशे दहा ग्रॅम भरलं.

तुझी धाकटी


९ एप्रिल

दादा,

वही परत आली. पाकीट उघडायच्या आधी दाराशी उभं राहून मीही तळहातावर धरलं. मला काही सांगता आलं नाही. ती विद्या तुमच्या दोघांचीच.

आत तुझा छोटा कागद. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. अकरा जागा परत घे. त्या तुझ्यासाठीच लिहिल्या होत्या. मोजे परत घाल, नाहीतर पुस्तक माझ्या दुकानात येऊ देणार नाही."

दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मी रडले. मालकांनी दोनदा डोकावून बघितलं आणि दोन्ही वेळा आपलं काही काम नाही असं दाखवून गेले. भला माणूस आहे.

मग शेवटचं पान उघडलं. नोंद बासष्टवर तू सही केलेली नाहीस. एक्केचाळीस वर्षं रिकामी राहिलेली जागा तशीच आहे. क्षणभर मला जुना राग आला. मग खाली बघितलं. तुझं आताचं अक्षर, थोडं मोठं, चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाचं.

"नोंद त्रेसष्ट: काका खाली येत नाहीत. धाकटी जिना चढून वर जाते."

शेजारी तुझी सही.

कागदाच्या पाठीवर तू लिहिलं आहेस की छापखाना बंद झाला, खाली आता कागदाचं गोदाम आहे, पण वरची खोली आहे. किल्ली गोदामवाल्याकडे असते आणि तो तुझ्या ओळखीचा आहे. जिना तोच आहे. चौदा पायऱ्या, नववी वाजते.

मी सही केली, दादा. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली, खोडली असं समजू नकोस. माझे पाच शेवट खोटे का वाटत होते ते आता कळलं. मी कायम खालीच उभी राहून हाका मारत होते. आता सहावा लिहिते आहे. त्यात मुलगी नवव्या पायरीवर थांबते, कारण ती वाजते आणि वरच्याला कळतं की कुणीतरी येतंय. त्याच्यापुढचं अजून लिहिलं नाही. बघितल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर ये, किंवा नको येऊस, दुकान बंद ठेवू नकोस माझ्यासाठी. ये.

बाईंना फोन केला. अकरा जागा परत घातल्या, मोजेही परत घातले, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोज्यांपाशी आता मी खूण करीन असं वाटतंय, पण एक विचारू का, हिरवा कोणत्या पायात?" मी वही बघितली. वहीत नाही. मी लिहिताना ते ठरवलंच नव्हतं, सात वर्षांच्या पोरीला कुठलं सुचतं. पण वडिलांनी कुठल्यातरी सकाळी खाटेवर बसून, एकेक मोजा हातात घेऊन, ते ठरवलं असणार.

शनिवारपर्यंत मला धीर धरवणार नाही. कार्ड टाक, एका शब्दाचं चालेल. हिरवा कोणत्या पायात होता?

तुझी धाकटी